सतराव्या पानावरचं चित्र

गोष्ट जुनी, तिथे सगळ्यांना पाठ.
सतराव्या पानावर तिच्यातलं एक वाक्य येतं:
मग तिने घर पाठीवर घेतलं
आणि ती समुद्रावरून चालत गेली.
पुढच्या वाक्यात ती पोचलेलीसुद्धा असते,
चूल पेटवून राईचा पाव भाजत.

तार्तूमधल्या एका लाकडी घराच्या माळ्यावर
विर्वे लिनोलियमच्या तुकड्यावर वाकलेली.
जानेवारी. दुपारी तीनलाच दिवा.

पहिल्या चित्रात तिने बाईची गोगलगाय केली.
पाठीवर शंखाचं घर,
धुराड्यातून धुराऐवजी केस.
संपादक टार्मो म्हणाला, छान,
पण मुलं विचारतील, ही आजारी आहे का?

दुसऱ्यात घर म्हणजे घरच:
ओंडके, छप्पर, खिडकीत मांजर,
खाली मुंगीएवढी बाई, गुडघे ताठ.
सर्कस वाटते, टार्मो म्हणाला.
अरे, वाक्यात आहे तेच काढलंय.
हो ना, म्हणूनच.

तिसऱ्यात घर नाही.
नुसती पाठ, मणके जिन्यासारखे,
समुद्राच्या जागी अकरा आडव्या रेघा.
टार्मो बराच वेळ गप्प.
मग, हे कोणासाठी काढलंस?

आपल्याकडे कोणी म्हणालं असतं,
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
आणि विंचू डोळ्यांपुढे आलाही नसता कुणाच्या.
म्हण झिजते तसा तिच्यातला प्राणी मरतो.
तिथे विंचू नाहीत,
पण त्या वाक्याला अजून नांगी आहे.

साल्मे तळमजल्यावर पुस्तकं बांधते.
गोंद मागायला वर आली,
चष्मा कपाळावर सारून तिन्ही चित्रं बघितली.
‘ओंडक्यांवर आकडे कुठायत?’
कसले आकडे?
‘घर उतरवताना घालतात ते. कुऱ्हाडीच्या खाचा.
नाहीतर पलीकडे भिंत जुळायची कशी?’

पलीकडे?

‘अगं, समुद्र गोठतो ना.
माझ्या आजीच्या आईने आमचं घर असंच आणलं बेटावरून.
नवरा ऑक्टोबरात बुडाला, ती फेब्रुवारीत निघाली.
उसने घोडे, चार खेपा.
शेवटी दार उरलं. घसरगाडीवर मावेना,
तर दोरीने पाठीला बांधलं.
दार म्हणजेच घर, असलं काही ती बोलली नाही.
वारा मागून होता. दाराचं शीड झालं,
अर्ध्या वाटेपर्यंत त्यानेच ढकललं तिला.
मग वारा फिरला.’

साल्मेने गोंदाचं झाकण लावून पाहिलं.
मग?
‘मग काय. दार वाऱ्याकडे केलं
आणि उलटी चालली.’

त्या रात्री विर्वेला झोप लागली नाही, असं काही नाही.
चांगली लागली.
सकाळी तिने नवा तुकडा स्टोव्हपाशी धरून मऊ केला
आणि दार कोरलं.
दाराला दोन पाय. दोरीच्या दोन रेघा.
लोंबणारी कडी. कोपऱ्यात एक खाच, शेवटचा आकडा.
बाकी सगळं खरवडून टाकलं.
कागदाचा पांढरा, तोच बर्फ.
एक केसाएवढी काळी रेघ मात्र ठेवली.
तडा म्हणा, किंवा तिचा हात थांबला म्हणा.

पहिला छाप निघाला आणि टार्मोने डोकं धरलं:
ही परत निघालीय! बेट तिच्या तोंडासमोर!
विर्वेच्या लक्षात आलं. लिनो आरशासारखा छापतो,
हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते,
आणि स्वतःच विसरली.

साल्मेने छाप उजेडात धरला.
‘बरोबर तर आहे.
तोंड बेटाकडे. पाय घराकडे.’

यातलं शब्दशः किती आणि प्रतीक किती,
हे टार्मोला प्रस्तावनेत लिहायचं होतं.
त्याने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं,
शेवटी पानांची संख्या तेवढी लिहिली.

मार्चमध्ये फर्मे आले.
साल्मेने पहिला दुमडला. घडी पडली
सोळा आणि सतराच्या मधे, नेमकी दाराच्या कडेवर.
तिने हाडाची पट्टी फिरवली, एकदा, वरून खाली.
‘बिजागरी,’ ती म्हणाली
आणि पुढचा फर्मा मागितला.